पतंग दिसला की नुकसान

सोयाबीन दाखवायला कुणी पाहुण्याला शेतात नेत नाही. कापूस दाखवायला तर नाहीच. उलट कापसाचा विषय निघाला की माणसं भाव आणि बोंडअळी यांवर घसरतात आणि चहा गार होतो. पण ज्याच्याकडे रेशमाची शेड आहे तो चहा यायच्या आत उठून उभा राहतो. "चल ताई, अळ्या बघून येऊ." बीड जिल्ह्यातल्या माझ्या मामेभावाचं हे दर वेळचं. थोडक्या जमिनीतल्या दीड एकरावर तुती आणि तुतीला लागून पत्र्याची, बाजूंनी हिरवी जाळी लावलेली शेड. लागवडीचा आणि शेडचा काही खर्च मनरेगातून निघाला, उरलेल्यासाठी वहिनीनं बचत गटातून कर्ज उचललं. त्यामुळे शेडमध्ये शब्द चालतो तो वहिनीचा.

दारात चपला काढायच्या. ब्लीचिंगच्या पाण्यात पाय बुडवायचे. मग वहिनी जवळ येऊन चक्क हुंगते. "अत्तर-बित्तर लावलं नाही ना?" ज्यांच्या गालात तंबाखूची गोळी कायम असते ते चुलते शेडपासून दहा हात लांब उभे राहूनच बोलतात, कारण तंबाखूचा हात लागलेला पाला अळीला बाधतो. शेजारच्या कापसावर फवारणी असेल तर आदल्या दिवशी फोन यावा लागतो. फोन आला नाही आणि वाऱ्यानं औषध तुतीवर आलं, तर दुसऱ्या दिवशी रॅकवर अळ्या हिरवं पाणी ओकताना दिसतात, डोकी वळवत, अंग आखडत. म्हणून गावात बांधावरून भांडणं असलेल्या माणसानं रेशमाच्या नादी लागू नये, असं भाऊ म्हणतो. त्याची स्वतःची दोन भांडणं रेशमानंच मिटवली.

मी गेले तेव्हा अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या. आत शिरल्यावर आधी वास येतो, कच्च्या पाल्याचा आणि चुन्याचा. मग आवाज. हा आवाज पावसासारखा असतो असं झाडून सगळ्यांनी लिहून ठेवलंय. मला तो पावसाचा वाटला नाही. खाण्याचाच वाटला, पन्नासेक हजार तोंडांचा, आणि एकदा कानाला तो तसा लागला की नंतर दुसरं काही ऐकू येत नाही. रॅकवर तुतीच्या अख्ख्या फांद्या आडव्या टाकलेल्या असतात. पूर्वी पान न् पान खुडून घालत. आता फांदी पद्धत आल्यापासून बायकांची बोटं वाचली. वहिनीनं एक अळी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. बोटाएवढी, पांढरट, आणि अनपेक्षित गार. पोटाखालचे बोथट पाय कातडीला चिकटून राहतात, ओढली तर सोडत नाही. तिला हातावर चालायचं नव्हतं, पळायचं नव्हतं. ती डोकं उचलून पानाची वाट बघत थांबली.

याच अळीचं वजन अंड्यातून निघाली तेव्हा अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नव्हतं. पंचवीस दिवसांच्या आत ती जवळजवळ दहा हजार पट होते. पण ते पंचवीसच्या पंचवीस दिवस भावाच्या शेडमध्ये जात नाहीत. शेतकरी अंडी आणून उबवत बसत नाही. ते काम चॉकी सेंटरवाल्याचं. तिथे कोवळी पानं बारीक चिरून, ऊब आणि ओल सांभाळून पहिले आठेक दिवस काढतात, दोन मोल्ट पार पडतात आणि मग ट्रेमधून अळ्या गावात येतात. मोजमाप मात्र अंड्यांचंच राहतं: "शंभर अंडीपुंजांची बॅच", "दीडशेची बॅच". एक पुंज म्हणजे एका मादीची चारशे-पाचशे अंडी. आपल्या दारात आलेल्या बॅचला शंभर आया आहेत, हे त्या हिशेबात कुठेही म्हटलेलं नसतं आणि कुणी म्हणतही नाही.

मोल्ट म्हणजे कात टाकणं, पण शेडमध्ये त्याला झोप म्हणतात. अळी खाणं थांबवते, अंगाचा पुढचा भाग वर उचलते आणि दिवसभर तशीच राहते. एकदम सगळ्या रॅकवरचा आवाज बंद होतो. "झोपल्यात, आता पाला नाही टाकायचा," वहिनी सांगते. त्या वेळी वरून चुना भुरभुरतात म्हणजे खालचा पाला सुकतो आणि एखादी लवकर जागी झाली तरी तिला खायला मिळत नाही. ही युक्ती मला फार हुशार आणि थोडी निष्ठुर वाटते. लवकर उठलेलीला उपाशी ठेवायचं, उशिरा उठणारीची वाट बघायची, आणि बहुतेक सगळ्या जाग्या झाल्या की मगच पुन्हा फांद्या टाकायच्या. असं केलं नाही तर पुढे काही अळ्या कोष करायला लागतात तेव्हा काही अजून खातच असतात, आणि व्यापाऱ्याला एकसारखा माल लागतो. शिस्त शाळेत लागत नाही एवढी तिथे लागते.

चार झोपा झाल्या की पाचवी अवस्था, सात-आठ दिवसांची. आयुष्यभरात खाल्लेल्या पाल्यापैकी ऐंशी टक्क्यांच्या वर पाला ती या एका आठवड्यात खाते. त्या आठवड्यात घरात लग्न ठरवत नाहीत, दवाखान्याची तारीख पुढे ढकलतात, पोरं शाळेतून आली की दप्तर टाकून फांद्या ओढायला लागतात. शंभर पुंजांच्या बॅचला टनाच्या आसपास पाला लागतो आणि त्यातला बहुतेक या दिवसांत. रात्री बारालाही एक फेरी. दुखणंही याच दिवसांत येतं. ग्रासरी लागलेली अळी पिवळी पडून फुगते, पाला सोडून रॅकच्या कडेकडेनं फिरत राहते, आणि हात लागला की फुटून दुधासारखं पाणी सांडतं. वहिनी अशी अळी दिसली रे दिसली की चिमट्यानं उचलून चुन्याच्या डब्यात टाकते. चिमटा तिच्या पदराला अडकवलेलाच असतो. उझी माशीसाठी जाळ्या आहेत, तरी एखादी शिरतेच. अळीच्या अंगावर अंडं घालते आणि तिची अळी आपल्या अळीला आतून खाते. १९८० साली ही माशी बंगालकडून कर्नाटकात आली आणि तिथल्या कोषांची तिनं धूळधाण केली. आता ती सगळीकडे आहे.

आणि मग एका दुपारी अळ्या खाणं सोडतात. अंग आक्रसतं, पिवळसर आणि पारदर्शक होतं; उजेडासमोर धरली तर आरपार उजेड दिसतो. "पिकल्या," म्हणतात. पिकलेल्या अळ्यांना चंद्रिकेवर चढवायचं. पूर्वी बांबूच्या चटईवर बांबूच्याच पट्ट्या गोल गोल बसवून चंद्रिका करत, आता निळ्या प्लास्टिकच्या घड्या घालता येणाऱ्या मिळतात, पण नाव तेच राहिलं. अळी जागा शोधते, अंगातलं उरलंसुरलं पाणी टाकते आणि डोकं हलवायला लागते.

इथे मी बराच वेळ बसले. बघण्यासारखं एवढंच की अळी सूत सोडत नाही. तिच्या पोटात दोन लांब ग्रंथी आहेत, अंगाच्या लांबीच्या कितीतरी पट, घड्या घालून बसवलेल्या, आणि त्यांत रेशीम पातळच असतं. ओठाखालच्या भोकातून तो थेंब बाहेर आला की ती तो कशाला तरी चिकटवते आणि डोकं मागे घेते. त्या ओढीनं पातळाचा धागा होतो. वाळून नव्हे, ओढून. दोन ग्रंथींचे दोन तंतू आणि त्यांना बांधणारा सेरिसिन नावाचा डिंक असा एक पदर. डोकं आठाच्या आकड्यात फिरत राहतं, न थांबता, दोन-तीन दिवस. पहिल्या तासाभरात तिच्याभोवती नुसतं धुकट जाळं असतं आणि आतली अळी स्पष्ट दिसते. संध्याकाळपर्यंत सावली उरते. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा, घट्ट कोष, आणि आतून अजून हालचाल. चांगल्या दुबार, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या, जातीच्या कोषात हजार-बाराशे मीटरचा एकच अखंड धागा असतो. चिनी राणीच्या चहात कोष पडला आणि धागा सुटला ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती मी सोडून देते.

कोष झाल्यापासून घड्याळ उलटं फिरायला लागतं. आतली अळी दोन-तीन दिवसांत कोशित होते, म्हणजे अळी आणि पतंग यांच्या मधल्या अवस्थेत जाते. त्यानंतरच कोष काढायचे, आधी काढले तर आतली नाजूक कातडी फाटून डाग पडतो. आणि कोष विणायला लागल्यापासून दहा-बारा दिवसांत पतंग बाहेर येणार. म्हणजे विकायला हातात राहतात चार-पाच दिवस. पूर्वी मराठवाड्यातला माल याच दिवसांत रात्रीच्या गाडीनं कर्नाटकात रामनगरला जायचा, आशियातला सर्वांत मोठा कोषबाजार तो. जाताना पोती उन्हात तापता कामा नयेत, दाबली जाता कामा नयेत, आणि तिथे पोचल्यावर भाषा कानडी. २०१८ साली जालन्यात कोषांचा बाजार सुरू झाला तेव्हा भावासारख्यांना एवढा प्रवास सुटला. पुढे बीडलाही झाला.

बाजारात व्यापारी माल बघतो ते कानानं. मूठभर कोष उचलतो, एकेक कानाशी नेऊन हलवतो. आत खुळखुळ वाजलं तर कोशित धड आहे. नाही वाजलं तर आतली अळी मरून, सडून भिंतीला चिकटली. असा कोष उलगडताना तुटतो आणि धाग्याला डाग लागतो. भाऊ आता घरीच कोष कानाशी लावून बघतो आणि भाव किती मिळेल ते सांगतो. त्याच्या पोरीलाही जमतं.

माझा भाऊ आणि वहिनी पाच-सहा वर्षं रेशीम करत होते तोवर दोघांनीही रेशमाचा पतंग पाहिलेला नव्हता. हे ऐकून मी हसले, पण त्यात विचित्र काही नाही. सुरुवात दुसरीकडे होते, शेवट दुसरीकडे होतो, त्यांच्या वाट्याला येते ती मधली अळी. अंडं चॉकीवाल्यानं पाहिलं, उकळतं पाणी कोषाचा धागा उलगडणाऱ्या रीलिंगवाल्यानं. शाळेच्या पुस्तकातलं ते वर्तुळ आठवतं ना, अंडं, अळी, कोष, पतंग, आणि मध्ये गोल फिरणारे बाण? रेशीम करणाऱ्याच्या घरात तो गोल कधी पूर्ण होत नाही. पूर्ण झाला तर बॅच गेली.

ती एकदा गेली. २०२०च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागलं तेव्हा कोष उतरवून झालेले होते आणि गाडी निघेना. पहिले दोन दिवस फोनाफोनीत गेले. मग काही कोष पत्र्यावर उन्हात टाकले, आतलं कोशित मेलं की कोष टिकतो म्हणून. पण सगळ्यांना पत्रा पुरला नाही, आणि क्रेटमधले राहिले. एका पहाटे वहिनी शेडमध्ये गेली तर क्रेटमधून फडफड. कोषाच्या टोकाला ओला तपकिरी डाग, डागातून एक डोकं बाहेर, मग ओलं गुबगुबीत अंग. पतंग तोंडातून एक पाणी सोडतो, त्यानं डिंक सुटतो, आणि धागे बाजूला सारून तो निघतो. तासाभरात पंख सुकले आणि सगळ्या क्रेटवर पांढरे पतंग चालायला लागले. पोरं नाचली. "उडत का नाहीत गं आई?" एवढंच पोरगी विचारत राहिली. वहिनीनं त्या दिवशीचं मला फोनवर सांगितलं ते असं: "ताई, दिसायला लई देखणे होते. पण एक दिसला की एक कोष गेला. म्या मोजायचंच सोडून दिलं."

फुटलेल्या कोषाचा धागा अखंड निघत नाही, म्हणून तो कवडीमोलानं जातो. देखणं आणि नुकसान एकाच वेळी एका क्रेटवर चालत होतं. त्या फोननंतर मी रेशमाबद्दल जेवढं वाचलं ते सगळं मला त्या क्रेटवरूनच वाचायची सवय लागली.

उडत का नाहीत, याचं उत्तर जुनं आहे. चीनमध्ये पाचेक हजार वर्षांपूर्वी माणसानं बॉम्बिक्स मँडारिना नावाच्या रानातल्या पतंगाच्या अळ्या घरात आणल्या. तो रानातला पतंग अजूनही चीन, कोरिया, जपानमध्ये आहे. तपकिरी, चपळ, उडणारा. आपला बॉम्बिक्स मोरी हा त्याचा घरात राहिलेला वंशज. प्रत्येक पिढीत जो जास्त धागा देतो तो ठेवला, जी अळी पळत नाही ती ठेवली, जिच्या अंगावर रंग आहे ती टाकली. शेवटी उरला तो पांढरा, जड आणि पंख असून न उडणारा पतंग. रॅकला कठडा लागत नाही तो यामुळेच. अळीला झाडावर सोडली तर बहुतेक वेळा तिला पान शोधता येत नाही आणि पक्ष्यांना ती शोधावी लागत नाही. गाईला सोडून दिली तर ती चार दिवस कुठेतरी चरेल. हिला सोडायला जागाच नाही.

पतंगाला परवानगी आहे ती एकाच ठिकाणी, बीजकेंद्रात. पुढच्या पिकाची अंडी लागतात म्हणून काही निवडक कोष फुटू देतात. असं एक केंद्र मी पाहिलं. लांब टेबलांवर कागद अंथरलेले, आणि नर पतंग मादीभोवती पंख थरथरवत गोल गोल फिरत होते. मादी बसल्या जागी पोटाच्या टोकाशी दोन लहान पिवळट पिशव्या फुगवते आणि त्यातला वास नराच्या पिसांसारख्या मिशांना लागतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी १९५९ साली हा वास वेगळा काढला, बॉम्बिकॉल, माणसानं ओळखलेला कीटकांचा पहिला कामगंध. त्यासाठी त्यांना पाच लाखांच्या घरात माद्या लागल्या. एवढ्या माद्या मिळाल्या कारण त्या रेशमाच्या होत्या. दुसऱ्या कुठल्या किड्याच्या पाच लाख माद्या कुणी पुरवणार होतं?

तीन-चार तासांनी जोड्या हातानं सोडवतात. नर फ्रीजमध्ये ठेवतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा उपयोगी पडतात म्हणून. हे मला तिथल्या बाईंनी अगदी उरलेली भाजी झाकून ठेवल्याच्या सुरात सांगितलं. मादीला कागदावर एका लहान प्लास्टिकच्या झाकणाखाली ठेवतात. ती रात्रभर फिरत अंडी घालते, कागदावर पिवळ्या ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. सकाळी तिला उचलून खलात कुटतात, रसाचा थेंब काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. चकचकीत, लंबगोल बीजाणू दिसले तर पेब्रिन रोग. मग तिची सगळी अंडी नष्ट. नाही दिसले तर अंडीपुंज रोगमुक्त. वहिनीच्या बॅचच्या कागदावरचा तो "रोगमुक्त" शब्द या खलातून आलेला असतो.

ही रीत लुई पाश्चरची. १८६५ साली दक्षिण फ्रान्समध्ये रेशमाचा धंदा पेब्रिननं मोडकळीला आला होता, आणि सरकारतर्फे पाश्चरना तिथे जायची गळ घालण्यात आली. त्यांनी तोवर रेशमाचा किडा पाहिलेला नव्हता. कीटकांचा जाणकार फाब्र यांनी आठवण लिहून ठेवलीय: पाश्चर त्यांच्याकडे आले, कोष मागितला, कानाशी नेऊन हलवला, आणि नवलानं विचारलं, "हे वाजतंय. आत काही आहे?" कोशित, म्हणाले फाब्र. "म्हणजे काय?" जालन्याचा व्यापारी जे ऐकून भाव ठरवतो, ते ऐकून जगातला एक मोठा शास्त्रज्ञ पहिल्यांदा शिकायला बसला. पुढची पाच वर्षं त्यांनी यात घातली. १८६८ साली पक्षाघातानं डावी बाजू लुळी पडली तरी काम थांबलं नाही. रोग आईकडून अंड्यात जातो, तेव्हा अंड्याची खात्री करायची तर आई तपासा, हा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्याही तीस वर्षं आधी, १८३५ साली, इटलीतल्या आगोस्तिनो बास्सी यांनी मेलेल्या अळीवरची पांढरी बुरशी हेच मस्करडाईन रोगाचं कारण आहे, हे दाखवलं होतं. सूक्ष्म जीवामुळे प्राण्याला रोग होतो हे पहिल्यांदा सिद्ध झालं ते असं, रेशमाच्या अळीवर. साथीच्या काळात आपण हात धुतले त्यामागे या अळीचाही थोडा हात आहे, हे मला वहिनीला सांगायचं होतं. सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही तर रोजच धुतो."

आता उकळत्या पाण्याकडे यायला हवं, कारण रेशमाचा विषय निघाला की लोक तिथेच येतात. रीलिंगच्या कारखान्यात कोष आधी गरम हवेनं वाळवतात, त्यातच कोशित मरतं. मग गरम पाण्यात डिंक सैल होतो, ब्रशनं टोक सापडतं, आणि सात-आठ कोषांचे पदर एकत्र गुंडाळून एक धागा होतो. किलोभर कच्च्या रेशमाला सहा-सात किलो कोष, म्हणजे तीन-साडेतीन हजार जीव. वास उग्र असतो. उरलेलं कोशित तेलाला, कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्याला जातं.

आणि हेच रेशीम आपल्याकडे सोवळ्याला चालतं. धुतलेलं सुती धोतर कुणाचा हात लागला की विटाळतं, रेशमाचा कद विटाळत नाही, मुकटा विटाळत नाही. माझ्या आजीच्या घरी कांदासुद्धा न शिवणारी माणसं हजारो किड्यांचं अंगावर नेसून देवापुढे बसत. अनेक जैन कुटुंबांत रेशीम वर्ज्य आहे, त्यांचा तर्क निदान सरळ आहे. मी आजीला यावरून कधी छेडलं नाही आणि आता छेडावंसंही वाटत नाही. मला खटकतं ते दुसरंच. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी १९९०च्या दशकात पतंग निघून गेल्यावर उरलेल्या कोषांपासून कापड काढलं, अहिंसा रेशीम. त्यांची कळकळ खरी आहे, धागा सुंदर आहे. पण तुतीच्या पतंगाला "निघून जायला" कुठे जागा आहे? तो बाहेर येतो, उपाशी राहतो, जोडी जमवतो, मादी चारशे अंडी घालते, आणि आठवड्याच्या आत दोघंही जातात. त्या चारशेंना पाला कोण घालणार? एका बॅचचे पतंग सोडले तर पुढच्या पिढीला भावाच्या दीड एकरातली तुती पुरणार नाही. पाण्यात घालायच्या क्षणी हळहळणारे आपण त्याआधीच्या पाच हजार वर्षांबद्दल काहीच बोलत नाही. त्याचं उडणं गेलं तेव्हा कुणी पाणी उकळत ठेवलं नव्हतं. माणसं तेव्हा त्याला फार मायेनं पाला घालत होती, माझ्या वहिनीसारखीच. आसामचं एरी रेशीम घ्या, कोषाला एका टोकाला मुळातच वाट असते, मारायची गरज नाही. तर तिथे कोशित लोक आवडीनं खातात.

ज्याला अजून उडता येतं असा रेशमाचा पतंग महाराष्ट्रातही आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या जंगलात, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर. टसर, तिकडे कोसाच म्हणतात. धीवर समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हे करत आली. इथे शेड नाही, रॅक नाही. अळ्या झाडावर सोडायच्या आणि खाली राखणीला बसायचं, गोफण-गुलेर घेऊन, कावळे, मुंग्या, गांधीलमाश्या, सरडे यांच्यापासून. झाडाचा पाला संपला की अळ्या फांदीसकट दुसऱ्या झाडावर. कितीही राखलं तरी बरंच जातं. अळी हिरवीगार, अंगावर चकचकीत ठिपके, पानात बसली की शोधून सापडत नाही. ती आपला कोष फांदीला देठानं बांधते, देठाच्या टोकाला फांदीभोवती कडं घट्ट आवळलेलं. कोष चाकूनंच काढावा लागतो. तुतीच्या कोषाला असलं काही नाही, त्याला पाडणारा वारा कधी लागलाच नाही.

गडचिरोलीतल्या आरमोरीकडे एका कामाला गेले होते तेव्हा एका घराच्या पडवीत अशा कोषांच्या माळा लटकलेल्या पाहिल्या. दिवस उन्हाळ्याचे. बियाण्यासाठी राखलेले हे कोष. आतलं कोशित हिवाळा आणि उन्हाळा झोपून काढतं आणि पावसाची चाहूल लागली की पतंग निघतात. हातभर नाही, पण तळहातात मावत नाही एवढा पतंग, पंखांवर चार काचेसारखे गोल. नर तर संधी मिळाली की अंधारात उडून जातो, म्हणून संध्याकाळनंतर कुणीतरी माळांपाशी जागं लागतं. इथे सगळं घर पतंगाची वाट बघत असतं. तो निघाला नाही तर हंगामच नाही.

मला साहजिकच बीडचा तो क्रेट आठवला आणि मी घरातल्या काकूंना विचारलं, पतंग निघून गेला की या फुटक्या कोषाचं काय करता? त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "तो बी जाते ना बाई. त्याचा घिचा निघते." फुटलेल्या कोषांचा अखंड धागा निघत नाही, तर तो हातानं ओढून जाडाभरडा, गाठी-गाठींचा काढतात, तो घिचा. करवतकाठी साडीच्या नेटक्या अंगाला तो चालत नाही, पण दुपट्ट्यांना, जाकिटांच्या कापडाला चालतो. पुण्यात मी ज्या दुकानासमोरून रोज जाते तिथे काचेमागे तसाच एक दुपट्टा लावलेला आहे, त्या गाठी मुद्दाम दिसतील असा, आणि त्याची किंमत शेजारच्या गुळगुळीत रेशमापेक्षा जास्त आहे. काकूंना ती किंमत सांगितली तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "त्या दुकानवाल्याचा नंबर हाये का तुमच्यापाशी?"